स्वस्तातला डीबी घेताना

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा माझ्या आत्याच्या घराचा तळमजला जवळपास निम्म्यापर्यंत बुडाला. मीटरशेजारचा डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटांच्या खटक्यांचा डबा, भिंतीवर साडेचार फुटांवर होता, म्हणजे तोही पाण्याखाली गेला. चौथ्या दिवशी मी पोहोचले, तेव्हा चिखल बऱ्यापैकी उपसून झाला होता. ओट्यावर एका सुपात आत्याने वाळवणासारख्या मांडलेल्या अकरा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की आपोआप पडून वीज तोडणारे खटके, होत्या. आमचा वायरमन म्हणाला, "ताई, दोन दिवस ऊन मिळालं की चालतील. बघा, खटके सगळे वरखाली होतायत." मी त्यातली एक उचलून कानाजवळ हलवली. आत वाळू वाजत होती.

वायरमनचा हेतू वाईट नव्हता. घरातले सगळे सामान वाहून गेलेल्या माणसाला नवा खर्च सांगण्याचा त्याला संकोच वाटत होता, आणि त्या आठवड्यात चिपळुणातल्या अनेक घरांत हेच चालले होते. मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत बरीच वर्षे विद्युत देखभालीचे काम केले आहे, त्यामुळे त्या अकराही एमसीबी मी तिथल्या तिथे बाद केल्या. पण मग आत्याने जो प्रश्न विचारला, तो अगदी रास्त होता. "अगं, नवीन घ्यायच्या तर घेऊ, पण आत्ता हातात आहेत तेवढ्यात काय चांगलं मिळेल, ते सांग. सगळ्यात महागडं घे असं सांगू नकोस." तेव्हापासून हाच प्रश्न मला नात्यातल्या आणि ओळखीच्या अनेकांनी विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

या वस्तूंची पारख अवघड का असते, ते आधी सांगायला हवे. पंखा वाईट निघाला तर आठवड्यात आवाज करतो, नळ वाईट असेल तर गळतो, आणि गिऱ्हाईक दुकानात परत जाते. एमसीबीचे तसे नाही. चांगली एमसीबी आणि निकृष्ट एमसीबी रोजच्या वापरात अगदी सारख्याच वागतात, कारण रोजच्या वापरात दोघींनाही फक्त वीज आरपार जाऊ द्यायची असते, आणि तेवढे काम तांब्याचा साधा तुकडाही करतो. त्यांच्यातला फरक वायर तापते, शॉर्ट होते किंवा कुणाला शॉक बसतो त्या क्षणीच दिसतो. त्यामुळे "आमच्याकडे सहा वर्षं आहे, कधी त्रास नाही" ही शिफारस मी या एका बाबतीत मानत नाही. सहा वर्षांत ती एकदाही पडली नसेल, तर ती पडू शकते की नाही हे कोणालाच माहीत नसते.

पूर्वीच्या किटकॅट फ्यूजमध्ये निदान तार डोळ्यांना दिसत असे. कुणी दहा अँपिअरच्या जागी जाड तार गुंडाळली तर ती जाणत्या माणसाला लगेच कळत असे. एमसीबीचा सगळा कारभार मात्र रिव्हेट मारलेल्या डबीत बंद असतो. म्हणून त्या पावसाळ्यात मी दोन नव्या सिंगल पोल एमसीबी मुद्दाम फोडण्यासाठी घेतल्या. एक नावाजलेल्या कंपनीची होती आणि दुसरी बिननावाची, जी पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळत होती. दोन्हींवर सी ३२ छापलेले होते आणि दोन्हींचा रंगही सारखाच पांढरा होता. ड्रिलने रिव्हेट काढून दोन्ही वर्तमानपत्रावर उघडल्या.

एमसीबीत दोन वेगळी यंत्रणा शेजारी शेजारी काम करतात. वायरवर बेताचा जादा लोड बराच वेळ राहिला, तर दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि खटका सोडवते. शॉर्ट सर्किट झाले तर पट्टीच्या तापण्याची वाट पाहून चालत नाही, तिथे तांब्याच्या कॉइलमधली दट्टी चुंबकाच्या जोराने उसळून संपर्क तोडते. संपर्क तुटताना मध्ये आर्क पेटतो, म्हणजे हवेतूनच प्रवाह वाहत राहतो, आणि तो विझवण्यासाठी एका कोपऱ्यात पातळ लोखंडी पत्र्यांची चळत बसवलेली असते. आर्क त्या पत्र्यांत ओढला जातो, त्याचे तुकडे पडतात आणि तो थंड होतो. चांगल्या एमसीबीत ही चळत दाट होती, संपर्काच्या टोकावर चांदीमिश्रित धातूची वेगळी टिकली बसवलेली होती, आणि पट्टीला जोडणारी विणलेली तांब्याची वेणी वेल्ड केलेली होती. बिननावाच्या एमसीबीत पत्र्या मोजून पाच होत्या, संपर्काला टिकली अशी नव्हतीच, आणि जोडपट्टीची वेणी नुसती डाग देऊन चिकटवलेली होती. पट्टी किती वाकल्यावर खटका सुटायचा, हे ठरवणारा बारीक स्क्रू चांगल्या एमसीबीत कारखान्यात बसवून वर लाख लावून पक्का केलेला होता. दुसरीत तो स्क्रू नखानेही फिरत होता. म्हणजे तिच्यावर छापलेल्या ३२ या आकड्याला आत काहीही आधार नव्हता.

घरी कोणी एमसीबी फोडत बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आतल्या काटकसरीच्या काही खुणा बाहेरही उमटतात. मी त्या दोन्ही फोडण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या होत्या. पहिली एकशे दहा ग्रॅमच्या आसपास भरली आणि दुसरी सत्तरच्याही आत. अर्थात वजन जास्त म्हणजे माल उत्तम, असे मात्र समजू नये, कारण वजन लोखंडानेही वाढवता येते. हलकी एमसीबी संशयास्पद मानावी, जड एमसीबीची बाकीची पारख चालू ठेवावी, इतकाच त्याचा उपयोग.

छापलेल्या मजकुराकडे मी त्याहून जास्त लक्ष देते. सी म्हणजे चुंबकी यंत्रणा दर्शनी प्रवाहाच्या, म्हणजे एमसीबीवर छापलेल्या अँपिअरच्या, पाच ते दहा पटींच्या दरम्यान तात्काळ सुटते, बी म्हणजे तीन ते पाच पटींत आणि डी म्हणजे दहा ते वीस पटींत. आयताकृती चौकटीतला ६००० किंवा १०००० हा आकडा ती एमसीबी किती अँपिअरचा शॉर्ट सुरक्षितपणे तोडू शकते ते सांगतो, आणि त्याखालच्या छोट्या चौकोनातला ३ हा आकडा तोडताना ती किती कमी ऊर्जा पुढे जाऊ देते त्याचा वर्ग दाखवतो. बिननावाच्या मालावर हा मजकूर बहुतेक वेळा अर्धवट असतो. कधी ६००० ला चौकट नसते, कधी खालचा ३ गायब असतो, कधी सगळा मजकूर स्टिकरवर असतो आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की निघून येतो. प्रामाणिक उत्पादक हा मजकूर प्लास्टिकवरच पक्का छापतो, कारण पंधरा वर्षांनी डीबी उघडणाऱ्या वायरमनलाही तो वाचता यायला हवा.

आयएसआय चिन्हाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, तो इथे दूर करते. चिन्ह आहे एवढे पाहून पुरत नाही. चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक असतो. एमसीबीसाठी तो आयएस/आयईसी ६०८९८ आणि आरसीसीबीसाठी (गळती ओळखून वीज तोडणारे साधन, त्याबद्दल पुढे सांगते) आयएस १२६४० असायला हवा. चिन्हाच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा आहे, कशासाठी आहे आणि चालू आहे की रद्द झाला आहे, ते समोर येते. मी एकदा काउंटरवर उभी राहून असा क्रमांक टाकला, तेव्हा तो भलत्याच वस्तूच्या उत्पादकाचा निघाला. दुकानदाराने काही न बोलता तो खोका आत ठेवून दिला. दोन मिनिटांचे आणि फुकटचे हे काम आहे. माझ्या मते कमी खर्चात करता येण्याजोग्या सगळ्या तपासण्यांत याहून मोलाची दुसरी तपासणी नाही.

यानंतर टर्मिनल, म्हणजे वायर जिथे स्क्रूने आवळतात ती जागा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण घरगुती डीबी जळाल्याचे जे प्रकार मी स्वतः पाहिले, त्यांतले बहुतेक शॉर्ट सर्किटचे नव्हते, सैल स्क्रूचे होते. सैल जोडणीचा रोध समजा एक विसांश ओहम आहे आणि तिच्यातून १६ अँपिअर वाहत आहेत. तेवढ्याने त्या एका ठिकाणी जवळजवळ तेरा वॅट उष्णता तयार होते, म्हणजे पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग इस्त्रीच्या निम्मी, आणि तीही बंद डब्यात, प्लास्टिकला खेटून. एमसीबीला यातले काहीच कळत नाही, कारण प्रवाह तर १६ च आहे. उष्णतेने स्क्रू आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो, आणि एक दिवस जळका वास येतो. ब्रिटनमध्ये घरगुती डीबींना आगी लागण्याच्या अशाच घटनांनंतर १ जानेवारी २०१६ पासून नव्या डीबीचे आवरण न जळणाऱ्या पदार्थाचे असावे, असा नियम वायरिंगच्या मानकात आणला गेला, आणि तिथे प्लास्टिकच्या डब्यांच्या जागी पुन्हा पत्र्याचे डबे आले. आपल्याकडे पत्र्याचा डीबी पहिल्यापासून रुळलेला आहे, पण हल्ली दिसायला सुबक म्हणून प्लास्टिकचा घेण्याकडे कल वाढतो आहे. स्वस्तातला घ्यायचा असेल तर पत्र्याचाच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते.

टर्मिनल तपासण्यासाठी दुकानातच स्क्रू ड्रायव्हर मागून घ्यावा आणि स्क्रू तीन-चार वेळा पूर्ण सैल करून पुन्हा आवळावा. चांगला स्क्रू शेवटपर्यंत एकसारखा फिरतो आणि आवळला की ठाम थांबतो. निकृष्ट स्क्रू आवळत गेलो की एका क्षणी मऊ पडतो आणि फिरतच राहतो, म्हणजे आटे गेलेले असतात. नंतर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरचा तुकडा अडकवून हाताने जोरात ओढून पाहावा. काही स्वस्त एमसीबींमध्ये वायर पकडणारी पेटी सैल केली की खाली घसरते आणि वायर पेटीच्या आत न जाता मागून निसटते. वायरमनला वाटते की स्क्रू आवळला, पण प्रत्यक्षात वायर नुसती टेकलेली असते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, ओढल्यावरच कळतो. मऊ, अनेक तारांच्या वायरला टोकाशी पिन लग दाबून बसवल्याशिवाय चांगल्या टर्मिनलमध्येही ती नीट धरली जात नाही. एक लग रुपया-दोन रुपयांचा असतो आणि तरीही तो बहुतेक घरांत बसवलेला नसतो, याची मला खरोखर खंत वाटते.

डब्याबद्दल थोडक्यात सांगते. पत्रा बोटाने दाबल्यावर लवत असेल तर तो घेऊ नये, कारण भिंतीत बसवताना तो वाकतो आणि मग दार लागत नाही. चुंबक बरोबर न्यावे. बसबार (एमसीबींना वीज वाटणारी पट्टी) आणि न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायर जोडायची पट्टी) यांना ते चिकटले, तर आत लोखंड आहे आणि वर तांब्याचा किंवा पितळेचा मुलामा आहे, असे समजावे. कोकणातल्या दमट हवेत असा मुलामा दोन पावसाळ्यांत हिरवट पडतो आणि त्याखाली गंज धरतो. बसबारवर प्लास्टिकचे आवरण असावे, रिकाम्या जागा झाकायला डमी प्लेट असाव्यात आणि अर्थिंगची पट्टी दारालाही वायरने जोडलेली असावी. दाराचा रंग, काच आणि कडी यांवर मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये.

आता आरसीसीबी, जिला आमच्याकडचे वायरमन अजूनही ईएलसीबीच म्हणतात. पैसे कमी पडतात तेव्हा सगळ्यात आधी हीच वगळली जाते, आणि माझा सगळ्यात मोठा आग्रह इथेच आहे. "एमसीबी आहे ना, मग ही कशाला?" असा प्रश्न आत्यानेही विचारला होता. त्याचे उत्तर अर्थिंगच्या हिशेबात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्वतंत्र घरांचे अर्थिंग म्हणजे परसात पुरलेली पट्टी किंवा पाइप. कातळ असलेल्या कोकणात त्याचा रोध दहा ओहम आला तरी वायरमन समाधानी असतो. गीझरच्या आत वायर सुटून पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्ट भागिले दहा, म्हणजे जास्तीत जास्त २३ अँपिअर जमिनीत जातील. गीझरच्या सर्किटवर सी १६ एमसीबी असेल तर तिची चुंबकी यंत्रणा तात्काळ सुटण्यासाठी किमान ८० अँपिअर लागतात, आणि खात्रीने सुटण्यासाठी १६०. उरली तापणारी पट्टी. मानकाप्रमाणे ती दर्शनी प्रवाहाच्या १.४५ पटीला एका तासाच्या आत सुटली पाहिजे. २३ अँपिअर म्हणजे १६ च्या १.४४ पट. तात्पर्य, पूर्णपणे निर्दोष आणि आयएसआय चिन्हाची एमसीबीसुद्धा कदाचित तासभर पडणार नाही, आणि तेवढा वेळ गीझरचा पत्रा, त्याला जोडलेला पाइप आणि ओल्या हाताने धरलेला नळ यांच्यावर जीवघेणा विद्युतदाब असेल.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. फरक ३० मिलिअँपिअर झाला, म्हणजे तेवढा प्रवाह कुठेतरी जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून चालला आहे, तर ती ०.३ सेकंदाच्या आत सर्किट तोडते, आणि फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. त्यासाठी अर्थिंग फार चांगले असण्याचीही गरज नसते. ३० मिलिअँपिअर ही मर्यादा घरासाठी आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी दिसायला तशाच असतात आणि कधी कधी स्वस्तही मिळतात, पण त्या आगीपासून बचावासाठी असतात, माणसाच्या बचावासाठी नव्हेत. खरेदी करताना हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावा. शिवाय आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्ट यांपासून संरक्षण देत नाही, त्यामुळे तिच्या जोडीला एमसीबी लागतेच. दोन्ही कामे एकाच साधनात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो, पण तो महाग असतो.

स्वस्त आरसीसीबीमध्ये एक फरक असा असतो की तो गिऱ्हाइकाला कधीच सांगितला जात नाही. काही आरसीसीबींचा खटका केवळ गळतीच्या प्रवाहातून मिळणाऱ्या ऊर्जेवर सुटतो, तर काहींच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि त्याला चालण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. आपल्याकडे वादळवाऱ्यात खांबावरून न्यूट्रल तुटणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा वेळी घरात दिवे लागत नाहीत, सगळ्यांना वाटते की वीज गेली, पण फेज जिवंत असतो. दुसऱ्या प्रकारची आरसीसीबी त्या वेळी आंधळी झालेली असते. मी बाजारातून आणलेल्या बिननावाच्या आरसीसीबीची चाचणी कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या टेस्टरवर केली. टेस्ट बटण दाबले की ती लगेच पडत होती, गळती सोडली तरीही ठीक पडत होती. मग आम्ही तिच्याकडे येणारा न्यूट्रल काढला आणि पुन्हा गळती सोडली. ती हललीसुद्धा नाही. नावाजलेल्या कंपनीची आरसीसीबी त्याच परिस्थितीत २२ मिलिअँपिअरला पडली. आम्ही दोघे काही क्षण त्या टेबलाकडे नुसते पाहत राहिलो, कारण खोक्यावरच्या मजकुरात दोन्हींमध्ये काहीही फरक नव्हता. दुकानदाराला म्हणूनच थेट विचारावे, की ही व्होल्टेजवर अवलंबून नसलेली आहे का, आणि त्याला उत्तर माहीत नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ते शोधावे.

त्याचबरोबर प्रकारही पाहावा. एसी प्रकारची आरसीसीबी फक्त साधी प्रत्यावर्ती गळती ओळखते. इन्व्हर्टर एअर कंडिशनर, नव्या वॉशिंग मशीन आणि इंडक्शन शेगडी यांच्या आत बिघाड झाला तर गळती तुटक, एकाच दिशेची असू शकते आणि ती ओळखायला ए प्रकार लागतो. दर्शनी भागावर एसी प्रकाराला फक्त एक लाट काढलेली असते, ए प्रकाराला त्या लाटेखाली आणखी एक तुटक लाट असते. किमतीत थोडा फरक पडतो, पण नवीन घेताना ए घ्यावी.

चांगली आरसीसीबीसुद्धा बदनाम होऊन काढून टाकली जाते, हेही इथे सांगायलाच हवे. "सारखी पडते, खराब आहे" अशी तक्रार आली की मी आधी इन्व्हर्टर कुठे जोडला आहे ते विचारते. इन्व्हर्टर बसवणारा माणूस अनेकदा घाईत इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि मुख्य लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे एकत्र बांधतो. मग एका सर्किटचा प्रवाह दुसऱ्याच वाटेने परततो, आरसीसीबीला तो फरक गळतीसारखा दिसतो आणि ती पडते. तिने आपले काम चोख केलेले असते. पण वायरमन सारखे फोन येऊन कंटाळतो आणि एक दिवस वरून खाली वायर टाकून ती बायपास करतो, डीबीचे दार बंद होते, आणि घरातल्यांना वाटते की आरसीसीबी आहे. अशी घरे मी माझ्या स्वतःच्या नात्यात तीन पाहिली आहेत. तुमच्या घरातली आरसीसीबी खाली पाडून पाहा. ती पाडल्यावरही घरातले दिवे चालू राहिले, तर कोणीतरी ती बायपास केलेली आहे किंवा ते सर्किट तिच्या कक्षेबाहेर आहे.

आत्याच्या घरी आम्ही शेवटी काय केले, ते सांगते. पाण्यात बुडालेल्या सगळ्या एमसीबी आणि डीबी टाकून दिला. कंड्युटमधल्या (भिंतीतल्या पाइपातल्या) जुन्या वायर मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासल्या आणि ज्या नापास झाल्या त्याच बदलल्या. डीबी वरच्या मजल्यावर हलवला आणि तळमजल्याची सर्किटे पूर्ण वेगळी केली, म्हणजे पुन्हा पाणी चढू लागले तर तळमजला एका खटक्याने बंद करता येईल आणि वरचे दिवे चालू राहतील. दोन मजल्यांना दोन स्वतंत्र आरसीसीबी दिल्या, दोन्ही ३० मिलिअँपिअरच्या, ए प्रकारच्या. डबा सगळ्यात साधा, एका दाराचा, पण जाड पत्र्याचा घेतला. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला सहा आणि दहा अँपिअरच्या एमसीबी लावल्या आणि गीझर व पंपाच्या मोठ्या वायरला सोळा आणि वीसच्या. आधी त्या सगळ्या बत्तीसच्या होत्या, कारण मोठी लावली की पडत नाही, असे कोणीतरी कधीतरी ठरवले होते. त्या वेळच्या भावाने बिननावाच्या संचापेक्षा आम्हाला पावणेचार हजार रुपये जास्त पडले. ते आम्ही बैठकीतले फॅन्सी दिवे, स्विचच्या नव्या प्लेट आणि बाहेरचा शोभेचा कंदील यांतून कमी केले. स्विचच्या जुन्याच प्लेट धुऊन, वाळवून पुन्हा लावल्या. स्विच मात्र नवे घेतले. आत्याला याचे वाईट वाटले नाही. तिला फक्त एकच अट होती, देवघरातला दिवा आधी सुरू व्हायला हवा, आणि तो झाला.

वायरमनशीही बोलून घेतले. तो म्हणाला, "ताई, लोक पैसेच देत नाहीत, मी चांगलं लावायचं तरी कशातून?" त्याचे म्हणणे खरे होते. वायरिंगचे काम एकरकमी ठरले की वायरमनला नफा सामानातूनच काढावा लागतो, आणि डीबीच्या आतले सामान गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. म्हणून आम्ही मजुरी वेगळी ठरवली, सामान आम्ही आणले आणि प्रत्येक स्क्रू आवळण्यासाठी त्याला पूर्ण दिवस दिला. संध्याकाळी गीझर, पंप आणि इस्त्री एकाच वेळी तासभर चालवून, मग मेन बंद करून, प्रत्येक टर्मिनलवर हाताची मागची बाजू लावून पाहिली. एक न्यूट्रल कोमट लागला. तो पुन्हा आवळला.

दर तीन महिन्यांनी टेस्ट बटण दाबायचे, असे आत्याला सांगितले होते. तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या शाईने लिहून ठेवले आहे, चतुर्थीच्या खुणेशेजारी. बटणाने फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नव्हे, हेही तिला समजावले, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचे कामही त्याच कॅलेंडरवर आले. परवाच्या आषाढात तिचा फोन आला. तळमजल्याची आरसीसीबी पडली होती आणि वर जात नव्हती. वायरमन आला, त्याने तळमजल्याची एक एक एमसीबी पाडून दोन्ही वायर मोकळ्या करत सर्किट वेगळे केले, आणि विहिरीच्या पंपाकडे जाणाऱ्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलेले सापडले. त्या सकाळी आत्या अनवाणी विहिरीवर गेली होती. सांधा नवा केला, आरसीसीबी वर केली, ती टिकली.